निमाच्या नावची चिठ्ठी

आमच्या घरी रविवारची सुरुवात इस्त्रीनं व्हायची. आई चुलीतले निखारे चिमट्यानं उचलून पितळी इस्त्रीच्या पोटात भरायची आणि मी जमिनीवर घोंगडी अंथरून माझा निळा कुर्ता, पांढरी सलवार आणि पिवळा स्कार्फ घेऊन बसायचे. स्कार्फला एकही चुणी राहिलेली आमच्या पथकाच्या दीदींना चालत नसे. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत सगळंच एकमेकांच्या अंगावर होतं. इस्त्री फिरे तिथूनच हातभर अंतरावर बाबांची दाढी चाले, आणि बाबा रेल्वेच्या ऑफिसातले असल्यामुळे स्टेशनकडून शिटी ऐकू आली की ब्लेड गालावर तसंच ठेवून ‘आज फार लेट आली’ असं त्या न दिसणाऱ्या गाडीला सुनावत. रविवारी आई चीला करायची. शेजारच्या छत्तीसगढी काकींकडून शिकली होती. बाबा वर्ध्याकडचे, ते शेवटपर्यंत त्याला तांदळाचं धिरडंच म्हणत राहिले, पण टमाट्याच्या चटणीबरोबर पाच-पाच खात. माझा पहिला चीला तव्यावरून थेट हातात यायचा, कारण सात वाजता शाळेच्या मैदानात रांग लागायची आणि उशीर झाला तर दीदी रागावत नसत, नुसत्या बघत. ते बघणं फार वाईट असे.

प्रमिला दीदी आमच्या शाळेत मराठी आणि हिंदी दोन्ही शिकवायच्या, आणि मुलींचं पथक चालवायच्या. पथक म्हणजे तीस-पस्तीस पोरी, चार टोळ्या, एक झेंडा, दोरखंडाची एक पेटी आणि जखमेच्या पट्ट्यांनी भरलेला एक पत्र्याचा डबा. आम्ही गाठी मारायला शिकलो, जत्रेत पाणी वाटायला शिकलो, भाजलेल्या माणसाला काय करायचं आणि काय करायचं नाही ते शिकलो. पण दीदींचं खरं काम मैदानात होत नसे. कुठंही मुलींना न्यायचं असलं की त्या प्रत्येकीच्या घरी स्वतः जात आणि परवानगी मागत, आणि ती बैठकीत बसून नाही. बैठकीतल्या खुर्चीवर बसलेल्या बाईला ‘नाही’ म्हणणं सोपं असतं, असं त्यांचं मत होतं. त्या थेट आत जात, चुलीपाशी पाट ओढून बसत, समोर जे निवडायचं पडलं असेल ते निवडायला घेत. अर्धी भाजी निवडून झाली की मग विषय काढत. आजही मी हेच करते. हल्ली पालकांचा मोबाइलवर ग्रुप आहे, अंगठा दाखवला की झाली परवानगी, आणि माझ्या हाताखालच्या तरुण मुली मला म्हणतात, ‘दीदी, इतना क्यों घूमते हो आप?’ मी त्यांना गुडघ्याला व्यायाम होतो म्हणून सांगते.

निमा माझ्याच वर्गातली, माझ्याच टोळीतली. तिचं घर आमच्यापासून चार दारं सोडून. ते लोक भोसल्यांच्या काळापासून रायपुरात, त्यामुळे आम्हा विदर्भातून आलेल्यांना ते जरा पाहुण्यासारखंच वागवत, पण प्रेमानं. घराच्या दर्शनी भागात तिच्या बाबांचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. त्यांना आम्ही काका म्हणत असू आणि निमाच्या आईला काकू. हळू बोलणारे, सदऱ्याच्या खिशात नेहमी पेपरमिंटच्या गोळ्या ठेवणारे काका. पुढं जे झालं ते वाचून कोणी त्यांना दुष्ट समजू नये. दुष्ट माणसाशी खोटं बोलायला मला काहीच अडचण आली नसती. आणि निमाबद्दल काय सांगू? तिचे हात बघण्यासारखे होते. माझी पट्टी नेहमी शेवटच्या वेढ्याला ढिली व्हायची आणि निमा डोक्याची, कोपराची, टाचेची पट्टी अशी बांधायची की ज्या मुलीला काही झालेलं नाही तिलाही बरं वाटावं. तिला नर्स व्हायचं होतं. मला काय व्हायचं होतं ते मला माहीत नव्हतं. निमा मागच्या दिवाळीनंतर गेली. ती असेपर्यंत हे कागदावर उतरवणं मला शक्य नव्हतं.

आम्ही मॅट्रिकला होतो त्या हिवाळ्यात खारून नदीकाठच्या एका अमराईत चार दिवसांचा कॅम्प ठरला. तिसऱ्या दिवशी बाहेरगावच्या एक मोठ्या अधिकारी बाई बघायला येणार होत्या. प्रथमोपचारात जी मुलगी सगळ्यांत चांगली ठरेल तिच्या नावची चिठ्ठी त्या देणार होत्या, आणि त्या चिठ्ठीवर वसतिगृहात राहून नर्सिंगचं शिक्षण मिळणार होतं. चिठ्ठी निमाचीच, यात कोणाला शंका नव्हती. दीदी तिच्या घरी गेल्या, चुलीपाशी बसल्या, काकूंबरोबर सगळी मेथी निवडून झाली. काका आतल्या दारात उभे राहून म्हणाले, ‘‘आमच्या घरातल्या पोरी बाहेर वस्तीला जात नाहीत, दीदी. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.’’ दीदी दुसऱ्यांदा गेल्या. तेव्हाही तेच उत्तर, तसंच नम्र.

मग काकूंनी आणि निमानं मिळून एक बेत केला. निमा चार दिवस दुर्गला मावशीकडे जाते, असं काकांना सांगायचं. ‘निमाला कॅम्पला नेण्यास माझी संमती आहे’ असं काकूंनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं आणि तो कागद दीदींनी ठेवून घेतला. आईची संमती तीही संमतीच, असं दीदींनी स्वतःला समजावलं असावं. दुर्गची गोष्ट पोरींपैकी फक्त मला माहीत होती. कॅम्पला निघायच्या आदल्या दिवशी निमा विहिरीपाशी माझा हात धरून म्हणाली, ‘‘मंदे, तुले सांगून ठेवते. बाकी कोणाले नाही.’’ मी म्हणाले, ‘‘मी काहून सांगीन?’’ ती हसली आणि म्हणाली, ‘‘म्हणून तर तुले सांगितलं.’’

कॅम्पच्या दुसऱ्या दिवशी सकाळी झेंड्यापाशी आम्हा मोठ्या मुलींची शपथ झाली. शपथ हिंदीत होती. मराठीत सांगायचं तर, मी नेहमी खरं बोलेन, गरज असेल तिथं धावून जाईन आणि सोबतिणीला मागे टाकणार नाही. दीदींनी माझ्या स्कार्फवर बिल्ला टोचला. सोळा-सतराव्या वर्षी माणूस शपथ फार मनावर घेतो. त्या सकाळी मला कोणी विचारलं असतं की भात कसा झाला, तर मी ‘खाली लागला’ असंच सांगितलं असतं, आणि तो खरंच लागला होता, कारण आमचा भात शिजवायचा मोठा गंज तळाला फुटला होता. दुसरा गंज हवा होता. गणपतीत वापरायचा मोठा गंज आमच्या घरी होता, म्हणून दीदींनी मलाच पाठवलं. गावातला एक भाजीवाला छकड्यातून शहरात निघाला होता, त्याच्या मुळ्यांच्या पेंढ्यांवर बसून मी तात्यापाऱ्यात आले. आईनं गंज घासून दिला, वर ठेठरी-खुरमीच्या खाऊची पुडी दिली, आणि मी गंज कडेवर घेऊन निघाले तर दुकानातून काकांनी हाक मारली.

‘‘काय गं मंदा, कॅम्प सोडून इकडं कुठी?’’

‘‘गंज न्यायले आली, काका. आमचा फुटला.’’

ते हसले. आत बोलावून त्यांनी मला स्टुलावर बसवलं, माठातलं पाणी दिलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काका कोऱ्या वह्यांवरची धूळ फडक्यानं पुसत होते, पुसलेल्याच पुन्हा पुसत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘तुमच्या दीदी रागावल्या असतील माझ्यावर. निमाही रागावली. दुर्गले जाताना एक शब्द बोलली नाही माझ्याशी. दोन दिवस झाले, घर कसं खायले उठून राहिलं. मी उगाच ‘नाही’ म्हटलं, असं वाटून राहिलं आता. पुढच्या खेपेला पाठवून देईन. तू दीदीले सांगजो.’’

इथं मी थांबायला हवं होतं. पाणी पिऊन, गंज उचलून, ‘बरं काका’ म्हणून निघायला हवं होतं. पन्नासहून जास्त वर्षं मी त्या स्टुलावरून उठते आहे आणि प्रत्येक वेळी न बोलता उठते. पण त्या दुपारी माझ्या स्कार्फवर बिल्ला होता, आणि समोर एक माणूस मऊ झाला होता. मला वाटलं, खरं सांगितलं तर यांना आनंदच होईल. आता ‘नाही’ कुठं उरलंय? खरंही बोलून होईल आणि निमाचंही भलं होईल, आणि ते मी केलेलं असेल. आणखीही काही होतं का मनात? चिठ्ठीसाठी निमाच्या खालोखाल माझंच नाव होतं, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. त्या क्षणी ते मनात आलं नव्हतं, असं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे की आता ते खरं की खोटं, मलाच कळत नाही.

‘‘काका,’’ मी म्हणाले, ‘‘निमा दुर्गले नाही गेली. ती तिथीच आहे, आमच्या कॅम्पात.’’

‘‘हव?’’ काका म्हणाले. एवढंच. फडकं घडी करून गल्ल्यावर ठेवलं आणि दुकानाच्या फळ्या लावायला घेतल्या. भर दुपारी फळ्या लावताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी सायकलरिक्षा थांबवली, माझा गंज स्वतः उचलून त्यात ठेवला आणि म्हणाले, ‘‘चाल, तुलेही सोडतो. रस्ता मले माहीत नाही.’’

रस्ता मी दाखवला. हे मी कोणालाही कधी सांगितलं नव्हतं. इथून डावीकडे, त्या वडापासून खाली, असं मीच सांगत होते. आमच्या दोघांच्या मधे गंज होता आणि खड्डा आला की त्यावरचं झाकण वाजे. मी बडबडत होते. निमाची पट्टी कशी सगळ्यांत छान असते, उद्या मोठ्या बाई येणार आहेत, तिलाच चिठ्ठी मिळणार, ती वसतिगृहात राहून शिकणार. जितकं काही होतं तितकं सगळं मी सांगून टाकलं. काका समोर बघत होते. एकदा त्यांनी खिशात हात घातला, पेपरमिंटची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. सवयीनं ठेवली असणार. मी ती खाल्ली.

अमराईत निमा एका लहान मुलीच्या पायाला पट्टी बांधत होती. आम्हाला बघून तिचा हात थांबला. आधी तिनं काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खाली मान घालून पट्टीचे उरलेले दोन वेढे पूर्ण केले, गाठ मारली, टोकं आत खोचली आणि उभी राहिली. काका ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, ‘‘निमा, चाल.’’ दीदी धावत आल्या. त्यांना वाटलं, पोरीला आपणच लपवून आणलं असं काका समजत असतील, म्हणून घाईघाईनं त्यांनी काकूंच्या हातचा कागद काढून पुढं केला. ‘‘तिच्या आईनं लिहून दिलं आहे, काका. आम्ही परस्पर नाही आणली तिला.’’ काकांनी तो कागद वाचला. तोवर त्यांना बहुधा वाटत होतं की एकट्या पोरीनं हे केलं. मी त्यांचा चेहरा त्या वेळी पाहिला. कागद घडी करून खिशात ठेवताना त्यांना खिसाच सापडत नव्हता. रिक्षा निघाली तेव्हा निमानं मागं वळून पाहिलं नाही. शपथेतल्या तीन ओळींपैकी मी एक पाळली होती.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई आल्या. सगळ्यांच्या पट्ट्या बघून झाल्यावर दीदी त्यांना म्हणाल्या, ‘‘जी सगळ्यांत चांगली होती ती आज इथं नाही.’’ बाई म्हणाल्या, ‘‘मग जी आहे तिचं नाव सांगा.’’ दीदींनी माझं नाव सांगितलं. मी चिठ्ठी घेतली. नको म्हणाले नाही, रडले नाही, हात पुढं केला आणि घेतली. घरी आईनं देवापुढं साखर ठेवली.

निमाची शाळा त्या आठवड्यातच सुटली. परीक्षेला दोन-अडीच महिने उरले होते. काकांनी काकूंशी बोलणं टाकलं. एकाच घरात, चार भिंतींत, ‘पाणी हवं’ हेसुद्धा ते धाकट्या मुलाकरवी सांगत, असं आई सांगायची. मी तीनदा गेले. तिन्ही वेळा काकू दारात येऊन म्हणाल्या, ‘‘ती झोपली आहे.’’ तिसऱ्या वेळी आतून निमाचा आवाज आला, ‘‘नाही झोपली. तिले म्हणा, येऊ नको.’’ वैशाखात तिचं लग्न झालं, गोंदियाकडचं स्थळ. पंगतीत मी वाढायला होते. निमाच्या पानावर भात वाढला तेव्हा तिनं हातानं ‘पुरे’ केलं, जसं कोणालाही करतात. पुढं काही वर्षांनी काका गेले. माझ्याशी ते शेवटपर्यंत नीट बोलत, आणि दुकानासमोरून जायचं टाळायला मी मात्र मागच्या गल्लीनं फिरून जात असे.

वसतिगृहात जायच्या आधी मी दीदींकडे गेले होते. पथक सोडते, बिल्ला परत घ्या, असं सांगायला. दीदी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप माझ्याकडे सरकवलं आणि बराच वेळ आम्ही दोघी खडे काढत राहिलो. मग त्या म्हणाल्या, ‘‘तू तोंडानं सांगितलंस, मी कागद दाखवला. दोघींनी मिळून केलं हे, मंदा. आता दोघींनी मिळून येत राहू. सुटीत आलीस की रविवारी मैदानात ये.’’ म्हणून मी गेले. शिकत असताना सुटीत गेले, नोकरी लागल्यावर दवाखान्याची रात्रपाळी संपवून तशीच गेले, लग्न झाल्यावर गेले, मुलगी कडेवर घेऊन गेले, दीदी गेल्या त्याच्या पुढच्या रविवारीही गेले. पथक आता माझ्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वी माझा सत्कार झाला, शाल, नारळ, मोठा फोटो. सेवेची प्रेरणा कुठून मिळाली, असं एका मुलीनं माइक पुढं करून विचारलं. मी दीदींचं नाव घेतलं. ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. लोकांना वाटतं मी देत आले. मी नुसती हजेरी लावत होते, एक मुलगी कमी आहे हे मला दर रविवारी रांग मोजताना दिसत होतं.

सत्कारानंतरच्या उन्हाळ्यात पथकात एक नवी पोट्टी आली, स्वरा. आठवीतली, चौबे कॉलोनीत राहणारी, मराठी सगळं समजणारी आणि उत्तर हिंदीत देणारी. दोन रविवार आली. तिसऱ्या रविवारी तिला सगळ्यांबरोबर कोपराची पट्टी बांधायला दिली, आणि तिनं शेवटची टोकं ज्या रीतीनं आत खोचली ती बघून मी विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? ती म्हणाली, ‘‘मेरी आजी ने. गोंदिया से आई हैं, अब हमारे साथ रहती हैं।’’ मी आजीचं नाव विचारलं. मग मैदानातल्या दगडावर थोडा वेळ बसून राहिले.

पावसाळी कॅम्पची परवानगी मागायची होतीच. चौबे कॉलोनीतल्या त्या फ्लॅटचं दार निमानंच उघडलं. केस सगळे पांढरे, पाठ जरा वाकलेली. तिनं मला क्षणभर बघितलं आणि म्हणाली, ‘‘अंदर ये. दारात काहून उभी?’’ ओट्यावर लाल भाजीची जुडी सोडलेली होती. मी वेताचा बुटका मोडा ओढून बसले आणि निवडायला घेतली. तिनंही घेतली. स्वरा दारात उभी राहून आम्हाला बघत होती.

‘‘नर्स झाली म्हणे तू,’’ निमा म्हणाली.

‘‘हव. आता रिटायर झाली.’’

‘‘मग पट्टी येते का आता नीट? का अजून ढिलीच?’’

मी हसायला गेले आणि रडू आलं. तिनं स्वराला पाणी आणायला पाठवलं. मग भाजीकडे बघतच म्हणाली, ‘‘रडून काहून राहिली? मी रागावली होती, मंदे, खूप वर्षं. सासरी कोणाले साधं खरचटलं तरी मले तुझा राग यायचा. मग बाबा गेले, तेव्हा बसून विचार केला. बाबांनी मले कधी पाठवलंच नसतं. तू नसतं सांगितलं तर दुसऱ्या कोणी सांगितलं असतं. आज नाही तर उद्या. ते तुझ्यामुळे नाही झालं, बाबांमुळे झालं. हे समजलं ना, तेव्हापासून मी तुले माफ केलं.’’

काका त्या दुपारी दुकानात काय म्हणाले होते, हे जगात फक्त मला माहीत होतं. निमाला नाही, काकूंना नाही, दीदींनाही मी ते कधी सांगितलं नव्हतं. पुढच्या खेपेला पाठवून देईन, असं म्हणाले होते. ते एक वाक्य मी तिला सांगितलं असतं तर तिला तिचे बाबा परत मिळाले असते, आणि माझी माफी गेली असती. इतकी वर्षं ती ज्यांच्यावर रागावली ते तिची वाट बघत कोऱ्या वह्या पुसत बसले होते, हे तिला कळायला हवं होतं. तो तिचा हक्क होता. मी भाजीचा देठ मोडला, पान बाजूला ठेवलं, दुसरा देठ मोडला.

‘‘नसतंच पाठवलं ना बाबांनी?’’ तिनं विचारलं. आता ती माझ्याकडे बघत होती.

‘‘नाही गं,’’ मी म्हणाले. ‘‘काका कुठले पाठवायले.’’

तिनं मान हलवली, सावकाश. तिच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं मला दिसलं, की मला तसं बघायचं होतं, देव जाणे. स्वरा पाण्याचा पेला घेऊन आली आणि लाडानं म्हणाली, ‘‘आजी, मैं कैंप जाऊँ?’’

‘‘जा ना, बेटा,’’ निमा म्हणाली. ‘‘हिच्यासंगं बिनधास्त जा. ही कधी खोटं बोलत नाही, मले माहीत आहे.’’